जिन्यापाशी भरलेली बॅग

स्पेन्सर कोव्ह, नोव्हा स्कोशिया
२३ जून १९९१

प्रिय हेस्टरकाकू,

तुमची गोधडी पोचून महिना झाला. पोच द्यायला उशीर झाला, कारण या महिन्यात मी बूड टेकून बसलेच नाही. आत्ता बसले आहे ते केवळ ओहोटी लागली म्हणून. वेन्डेल सगळ्या पलटणीला ट्रकमध्ये घालून मासे काढायला गेला आहे. तो म्हणतो, अमोसकाका गेल्यापासून नऊ वर्षांत तुम्ही एवढं मोठं पार्सल कुणालाच पाठवलेलं नाही, म्हणजे या दोघांचा मान आमच्यापेक्षा मोठा.

तर आमची दत्तक मुलं आली. कागदावर त्यांची एकच ओळ होती: इलिंका, वय नऊ, आणि कोस्टेल, वय पाच, सख्खी भावंडं, रुमेनिया. बुखारेस्टहून त्यांना घेऊन आलो तेव्हा दोघांचं मिळून सामान एका प्लास्टिकच्या पिशवीत मावलं होतं. आता त्याच दोघांनी घर व्यापून टाकलं आहे. कोस्टेल दिसेल ते बटण दाबतो. धुलाई यंत्रासमोर स्टूल टाकून बसतो आणि कपडे गरगर फिरताना बघतो, जसे आपण चर्चमध्ये बसतो तसा, हात मांडीवर ठेवून. आमची मुलगी जोडी म्हणते, ‘आई, याला टीव्ही दाखवायचा खर्च वाचला.’ अकरा वर्षांची झाली, पण तोंड पन्नाशीचं आहे.

इथली ओहोटी तुम्हाला सांगायला नको. तुम्ही लग्नानंतर इथे आला होतात, बघितली आहे. आम्हाला तिचं काहीच वाटत नाही. समुद्र गेला की कामाला लागायचं, आला की घरी यायचं. ओहोटी रोज पाऊण-एक तास पुढे सरकते, आणि तिच्यामागे आमची जेवणं. पण मुलांनी ती पहिल्यांदा पाहिली त्या दिवशी मी त्यांच्याकडे बघत होते. खिडकीतून समुद्र दिसत होता. जेवणं झाली, भांडी झाली, आणि समुद्र नव्हता. मैलभर नुसता लाल, ओला चिखल, आणि त्यात आमचं मासे अडवायचं कुंपण उभं. खुंट, त्यांच्यावर ताणलेली जाळी, सगळं उघडं पडलेलं. कोस्टेल खिडकीशी जाऊन काचेला नाक लावून उभा राहिला. इलिंकानं मात्र समुद्राकडे बघितलंच नाही, तिनं वेन्डेलकडे बघितलं. एवढा समुद्र हलवणारा माणूस कोण, हे तिला बघायचं होतं.

मग वेन्डेलनं त्यांना खाली नेलं. काकू, सकाळी जिथे डोक्यावर चार मजले पाणी असतं, तिथे ती दोघं हात धरून चालत होती. जाळ्यात शॅड मासे चांदीसारखे उडत होते. इलिंकानं चपला काढून हातात घेतल्या होत्या. चिखल म्हणून नव्हे. देवळात शिरल्यासारख्या.

एक गोष्ट मात्र मला छळते, आणि ती तुम्हालाच लिहिते आहे. इलिंका काही मागत नाही. पाणीसुद्धा नाही. ताटात वाढलेलं सगळं खाते, दिलेलं सगळं घालते, सांगितलेलं सगळं करते. उशीखाली पाव लपवते, तो वाळून त्याचा चुरा होतो. पण ‘मला हे हवं’ किंवा ‘हे नको’, असं चार आठवड्यांत एकदाही नाही. ट्रुरोच्या डॉक्टरांची बायको रुमेनियन आहे, दर बुधवारी येऊन मुलांशी त्यांच्या भाषेत बोलते. तिनं विचारून पाहिलं, तुला काय हवं? इलिंका म्हणाली, सगळं छान आहे. पाहुण्यासारखं. काकू, माझ्या घरात एक पाहुणी राहते आहे आणि मला मुलगी हवी आहे. ती एकदा काहीतरी मागेल, एवढ्याचीच मी वाट बघते आहे.

ट्रक आला. चिखलात बुडालेले आठ पाय माझ्या स्वयंपाकघराकडे निघाले आहेत.

तुमची,
ग्लेंडा

—

स्विफ्ट करंट, सस्कॅचेवान
३० जून १९९१

प्रिय ग्लेंडा,

पत्र मिळालं. गोधडीचे आभार मानू नकोस. हिवाळा लांबला, हातांना काम हवं होतं.

पाव लपवते तर लपवू दे. फक्त उशीखाली नको, उंदीर होतील. तिला झाकणाचा एक डबा दे. तो तिच्यासमोर पावानं भर, आणि सांग की हा तुझा, तो कुणी उघडणार नाही. मग खरंच उघडू नकोस. पाव बदलायचा तर तिच्याच हातानं बदलू दे. मी कुठेतरी वाचलं होतं असं करतात म्हणून.

मागण्याचं म्हणशील, तर घाई करू नकोस. मागायला आधी ‘नाही’ ऐकण्याची ताकद लागते. तिच्याकडे ती अजून नसेल.

इथे पाऊस नाही. पलीकडच्या ओलेक्सुकबाई रोज येऊन माझ्या कानात ओरडतात की मी यंत्र लावून घ्यावं. मी म्हणते, तुमचं बोलणं ऐकण्यासाठी एवढा खटाटोप कशाला. त्या हसतात, निदान तोंड तरी तसं करतात.

समुद्राच्या तळावरून मीही चालले आहे. छत्तीस साली. अमोस पुढे चालत होता आणि मी सारखी मागे वळून बघत होते, पाणी येतंय का. तो म्हणाला, ‘पाणी वेळेवर येतं गं, माणसांसारखं नाही.’

मुलांना माझा आशीर्वाद. जोडीला सांग, पन्नाशीचं तोंड मलाही होतं, पण मी ते चाळिशीपर्यंत मिटून ठेवलं.

हेस्टर

—

स्पेन्सर कोव्ह
९ जुलै १९९१

प्रिय हेस्टरकाकू,

डबा! तुम्ही कुठे वाचलंत कोण जाणे, पण त्या लेखकाला माझा नमस्कार. इलिंकाला जुना बिस्किटांचा निळा डबा दिला. ती तो पलंगाखाली ठेवते, सकाळी उघडून बघते, बंद करते आणि मग खाली येते. मी उघडत नाही. जोडी एकदा उघडायला गेली तेव्हा कोस्टेलनं तिच्या मनगटाला चावा घेतला.

कामाचं काय सांगू. स्ट्रॉबेरी संपत आली, गवत कापायचं आहे, चर्चच्या जेवणावळीसाठी मी चाळीस केक भाजले. पण आज लिहिते आहे ते शनिवारच्या गोष्टीसाठी.

शनिवारी सकाळच्या ओहोटीला आम्ही सगळेच कुंपणाकडे गेलो होतो. आत स्टर्जन मासा अडकला होता. वेन्डेलनं आयुष्यात तीन पाहिलेत, मी एकही नाही. सात फूट लांब. पाठीवर हाडांच्या ढाली, पाषाणयुगातून वाट चुकून आल्यासारखा. डबक्यात पाणी वीतभर उरलं होतं, त्यात तो पडला होता आणि कल्ले हळूहळू उघडत-मिटत होते. वेन्डेल म्हणाला, याला काढायचं नाही, हा आपल्या आजोबांपेक्षा म्हातारा असेल. भरती येईपर्यंत जगवला तर जाईल.

मग आम्ही पोती ओली करून त्याच्यावर घातली आणि बादल्यांनी पाणी ओतत राहिलो. ऊन चढलं. जोडी थकून ट्रकमध्ये जाऊन बसली, कोस्टेल तिच्या मांडीवर झोपला. इलिंका त्याच्या डोक्याशी गुडघ्यांवर बसली. तिनं आपली टोपी काढली आणि त्याच्या डोळ्यावर सावली धरली. एका हातानं. हात दुखला की दुसऱ्या हातानं. दोन तास. मी म्हटलं, मी धरते, तर तिनं मान हलवली. काकू, तो डोळा बशीएवढाही नव्हता, बटणाएवढा होता. पण त्या दोघांचं काहीतरी चाललं होतं आणि आम्ही नवरा-बायको बादल्या घेऊन मधेमधे करत होतो.

पाणी आलं. इथे ते कसं येतं, तुम्हाला माहीत आहे. आवाज न करता, बोटभर, मग घोट्यापर्यंत, मग एकदम. वेन्डेलनं समुद्राकडच्या बाजूचं जाळं सोडलं. माशानं शेपूट एकदा हलवली. मग दुसऱ्यांदा. आणि तो गेला, घाई न करता. आम्ही गुडघाभर पाण्यात उभे होतो. इलिंका वेन्डेलला म्हणाली, ‘घरी?’

वेन्डेल म्हणाला, ‘घरी.’

विचारल्याशिवाय तिनं आपण होऊन काढलेला हा पहिला शब्द. वेन्डेल ट्रकमध्ये बसल्यावर किल्ली लावायची विसरला.

आणखी एक बातमी. ऑगस्टचे पहिले दोन आठवडे इलिंका जोडीबरोबर तळ्यावरच्या मुलांच्या उन्हाळी कॅम्पला जाईल. आपल्या क्रीलमन घराण्यातलं प्रत्येक मूल नऊ पूर्ण झालं की जातं. वेन्डेल गेला, त्याचे वडील गेले. मला वाटतं, तिला क्रीलमन करण्याची याहून सोपी रीत नाही. कपड्यांवर शिवायच्या नावाच्या पट्ट्या मागवल्या त्या काल आल्या: इलिंका क्रीलमन, लाल दोऱ्यात. मी रडले. जोडी म्हणाली, ‘माझ्या पट्ट्यांना नव्हतीस रडली.’

तुमची,
ग्लेंडा

—

स्विफ्ट करंट
१६ जुलै १९९१

प्रिय ग्लेंडा,

माशाची गोष्ट मी तीनदा वाचली.

कॅम्पचं याच वर्षी करायला हवं का? तिला येऊन दहा आठवडेही व्हायचे आहेत. पुढच्या उन्हाळ्यातही तळं तिथेच असेल. अर्थात दोन आठवड्यांत कुणी मरत नाही आणि तू आई आहेस, मी नाही. आम्हाला मूल झालं नाही, तेव्हा माझा सल्ला तेवढ्याच वजनाचा धर.

तिला नीट समजावून सांगितलंस ना? कधी जायचं, कधी यायचं?

इथे टोळ आले आहेत. बागेत फक्त कांदे राहिले.

हेस्टर

—

स्पेन्सर कोव्ह
२४ जुलै १९९१

प्रिय हेस्टरकाकू,

तुमची शंका मी वेन्डेलला आणि जोडीला जेवताना वाचून दाखवली. काळजी करू नका. ट्रुरोच्या बाई महिनाभर मॉन्ट्रियलला जाणार होत्या, त्याआधी त्यांच्याकडून मी सगळं रुमेनियनमध्ये सांगून घेतलं. चार ऑगस्टला रविवारी जायचं, अठराला रविवारी परत. कॅलेंडरवर दोन्ही तारखांभोवती गोल काढले. तिला सगळं समजलं. स्वतःच बाईंना म्हणून दाखवलं: दोन आठवडे, मग परत. चेहऱ्यावर जराही भीती नव्हती.

आणि काकू, त्यानंतर काय झालं ते ऐका. चमत्कार झाला, दुसरा शब्द नाही.

आपल्या रिवाजाप्रमाणे कॅम्पच्या बॅगा पंधरा दिवस आधी भरून जिन्यापाशी ठेवल्या, म्हणजे ऐन वेळी मोजे शोधायला नकोत. रविवारी बॅगा भरल्या आणि सोमवारपासून ती मुलगी बदलली. पहाटे माझ्याआधी उठते. मी खाली येते तेव्हा पुढच्या पायऱ्या ब्रशनं घासलेल्या असतात. खिडक्या पुसल्या. मी न सांगता कोंबड्यांचं खुराडं साफ केलं. कोस्टेलला बुटाची नाडी बांधायला शिकवली. त्याला समोर बसवून इंग्रजी शब्द घोकून घेते: प्लीज, थँक यू, सॉरी. तो चुकला की पहिल्यापासून. जोडी म्हणते, ‘ही अशीच राहिली तर मला घर सोडावं लागेल.’

डब्याची तिला गरज राहिली नाही. काल तिनं तो आपण होऊन कोस्टेलच्या पलंगाखाली नेऊन ठेवला. ताटातलं निम्मं त्याला देते. मी वाढायला गेले की म्हणते, पुरे, मी कमी खाते. तुमची गोधडी घडी घालून माझ्या पलंगावर आणून ठेवली. मी परत नेऊन दिली, तर पुन्हा आणली. म्हणाली, छान आहे, तुमच्यासाठी.

आणि ती मला आई म्हणाली. काल मी मोजलं, दिवसभरात अकरा वेळा. भांडी विसळताना, कपडे वाळत घालताना, काही काम नसतानाही येऊन उभी राहते, ‘आई’ म्हणते आणि माझ्या तोंडाकडे बघते. मी पीठ मळत होते, तसेच पिठाचे हात घेऊन मागच्या खोलीत जाऊन रडून आले. वर्षभर कागदपत्रं, वकील, विमानं, आणि शेवटी हे इतकं सोपं.

वेन्डेल तेवढा विचित्र वागतो. काल म्हणाला, ‘ग्लेंडा, दोन दिवस झाले, ती कुंपणाकडे येत नाही. कामं आहेत म्हणते.’ मी म्हटलं, घरात रमली तर तुला का बोचतं?

तुमची, खूप आनंदात असलेली,
ग्लेंडा

—

स्विफ्ट करंट
३० जुलै १९९१, मंगळवार

ग्लेंडा,

तुझं पत्र आज अकराला आलं. साडेअकराला मी पोस्टाबाहेरच्या सार्वजनिक फोनवरून तुला फोन केला. ओलेक्सुकबाईंना करायला सांगितलं असतं तर त्यांना कारण सांगावं लागलं असतं, आणि हे मी कुणाला सांगितलेलं नाही. पलीकडे कुणी उचलला की नाही, कोण होतं, काय म्हणालं, मला काहीही ऐकू आलं नाही. मी शंभर आकडे मोजले आणि बोलायला लागले. हळू बोलले, तीनदा बोलले: ‘मुलीला कुठेही पाठवू नका. तिची बॅग रिकामी करा. ते तिचं घर आहे.’ मग फोन ठेवला. चुकीचं घर लागलं असेल तर कुणा बिचाऱ्यांना वेडी बाई भेटली.

म्हणून हे पत्रही पाठवते आहे. रविवारच्या आत पोचेल असं वाटत नाही. पण कारण तुला कळलं पाहिजे.

मी ओंटारिओच्या शेतकऱ्याची मुलगी नाही. माझे आईबाप तापाच्या साथीत गेले हे क्रीलमन मंडळींना सांगितलेलं सगळं खोटं आहे. मी लंडनची. बाप नव्हता. आईनं मला अनाथ मुलांच्या संस्थेत ठेवलं, ‘वसंतात नेईन’ म्हणाली. आठ वर्षांची असताना, बावीस साली, संस्थेनं आम्हा ऐंशी मुलांना जहाजात घालून कॅनडात आणलं, शेतांवर वाटायला. प्रत्येकाला एक पत्र्याची पेटी दिली होती, झाकणावर नाव रंगवलेलं. नवे कपडे, प्रत्येक कपड्यावर नाव. तू लाल दोऱ्याचं लिहिलंस तेव्हा मला पत्र खाली ठेवावं लागलं होतं. तेव्हाच बोलायला हवं होतं. मी टोळांबद्दल लिहिलं.

पहिल्या शेतावरून दोन महिन्यांत परत पाठवली. हात लहान होते. दुसरं घर चांगलं होतं. बाई मायाळू होत्या, मला मांडीवर घेऊन केस विंचरायच्या. दीड वर्ष राहिले. एक दिवस माझी पेटी माळ्यावरून खाली आणून स्वयंपाकघरात ठेवलेली दिसली. कुणी काही बोललं नाही. मी विचारलं नाही. विचारलं की उत्तर येतं.

दुसऱ्या दिवसापासून मी पहाटे उठून फरशी घासायला लागले. खिडक्या पुसल्या. निम्मं जेवायला लागले, म्हणजे त्यांना वाटेल की हिला ठेवायला काही लागत नाही. आणि बाईंना ‘आई’ म्हणायला लागले. तोपर्यंत कधी म्हटलं नव्हतं, जपून ठेवलं होतं. आता जेवढ्या वेळा जमेल तेवढ्या वेळा म्हणायचे आणि त्यांच्या तोंडाकडे बघायचे, काही बदललं का.

बाई रडल्या. पण त्यांना स्वतःचं मूल होणार होतं आणि खोली एकच होती. निघताना म्हणाल्या, हल्ली तर किती गुणी झाली होती.

तिसऱ्या घरात मी अठरा वर्षांची होईपर्यंत काम केलं. तिथे कुणाला आई म्हटलं नाही. पुढे अमोस भेटला. त्याला ठाऊक होतं. आमच्यासारख्या मुलांना तिकडे लोक ‘आश्रमाचं पोर’ म्हणत, कुणाच्या घरात काही हरवलं तर आधी आमच्या पेट्या उघडत. अमोस म्हणाला, सांगायची गरज नाही. नंतर सांगायला वेळच निघून गेला.

ग्लेंडा, तुझ्या मुलीला तू सांगितलेलं सगळं समजलं आहे. आम्हालाही सगळं नीट समजावून सांगायचे. तारखांसकट. ती समजून घेण्यात चुकलेली नाही, तिचा विश्वास बसलेला नाही. ती जाण्याची तयारी करते आहे. डबा भावाला दिला, कारण त्याला तुम्ही ठेवणार आहात आणि तिला नाही, असं तिनं धरलं आहे. गोधडी तुला परत केली. भावाला आभार मानायला शिकवते आहे, म्हणजे त्यालाही परत पाठवू नये. आणि जिन्यापाशी रोज जाता-येता तिला ती बॅग दिसते.

ती गुणी झालेली नाही. ती घाबरलेली आहे.

तुझ्या आनंदावर हे असं ओतावं लागलं, याचं वाईट वाटतं. हे पत्र वाचून झाल्यावर कुणाला दाखवायचं ते तू ठरव. सत्याहत्तर वर्षांची झाले. आता माझी पेटी कोण उघडणार.

हेस्टर

—

स्पेन्सर कोव्ह
८ ऑगस्ट १९९१

प्रिय हेस्टरकाकू,

तुमचं पत्र मंगळवारी, सहा तारखेला आलं. कॅम्पची गाडी रविवारीच गेली होती. आता सगळं क्रमानं सांगते, नाहीतर माझं मलाच समजणार नाही.

तुमचा फोन आला तेव्हा ओहोटी होती आणि आम्ही सगळे खाली कुंपणाकडे होतो. घरी फक्त इलिंका होती, पायऱ्या घासत. फोन तिनं उचलला.

संध्याकाळी जेवताना ती म्हणाली, ‘फोन आला. म्हातारी बाई. मोठ्यानं बोलते. म्हणाली, मुलीला पाठवू नका.’ मी विचारलं, कोण बाई? माहीत नाही. नाव? सांगितलं नाही. तू काय म्हणालीस? मी हॅलो, हॅलो म्हणाले, ती ऐकत नाही. जोडी म्हणाली, ‘हेस्टरकाकू म्हणायचंय तिला. आई, मागच्या पत्रातलं ऐकून हिनं गोष्ट रचली. काकू तर फोनला हातच लावत नाहीत.’ आणि काकू, मलाही तेच वाटलं. नऊ वर्षांत तुमचा एक फोन नाही. मी म्हटलं, इलिंका, आपल्या घरात खोटं बोलत नाहीत. तिनं उठून ताटं उचलली.

बुधवारी सकाळी तिची बॅग रिकामी होती. कपडे वर कपाटात, घड्या घालून. मला राग आला. मी पुन्हा भरली. गुरुवारी पुन्हा रिकामी. मी भरायची, ती काढायची, दोघीही एक शब्द न बोलता. शुक्रवारी मी तिला पकडलं, जिन्यावर, हातात मोज्यांचे जोड. मी कॅलेंडर दाखवलं, दोन गोल दाखवले. तिनं ते बघितलं आणि माझ्यासमोरून मोजे घेऊन वर गेली. जिनाभर तिनं ते मोजे छातीशी आवळून धरले होते. तरी ती थांबली नाही.

रविवारी गाडी दारात आली. जोडी आत बसली. इलिंका वरच्या पायरीवर उभी राहिली, दाराच्या चौकटीला दोन्ही हातांनी धरून. मी खाली बॅग घेऊन. ती म्हणाली, ‘नाही. म्हातारी बाई म्हणाली. हे माझं घर आहे.’

जोडी गाडीतून ओरडली, ‘आई, ती अजून खोटंच बोलतेय.’

वेन्डेल आपला उभा होता. त्यानं टोपी काढली, पुन्हा घातली. मग माझ्या हातातून बॅग घेतली आणि म्हणाला, ‘खोटं बोलत असेल तर बोलू दे. तू जूनपासून काय मागत होतीस? तिनं काहीतरी मागावं. तिनं मागितलंय, ग्लेंडा. आता देतेस की नाही?’

काकू, तिथे उभी असताना मला काही समजलेलं नव्हतं. पायऱ्या का घासल्या, डबा का दिला, मला आई कशासाठी म्हटलं, काही नाही. माझी मुलगी खोटं बोलते आहे असंच मी धरून होते. तरी मी म्हटलं, देते. वेन्डेलनं बॅग तिच्या पायाशी नेऊन ठेवली. तिनं ती दोन्ही हातांनी उचलली आणि ओढत वर नेली, पायरी पायरी करत. जोडी म्हणाली, ‘मग मीही नाही जाणार.’ वेन्डेल म्हणाला, ‘तू गप बस गाडीत. तुझ्यावाचून तिकडे भांडणं कोण करणार?’

आणि मंगळवारी तुमचं पत्र. मी ते कोंबड्यांच्या खुराड्यामागे उभं राहून वाचलं. मग वेन्डेलला दिलं. तो वाचून समुद्राकडे गेला आणि भरती पूर्ण भरेपर्यंत आला नाही. आल्यावर एवढंच म्हणाला, ‘अमोसकाकांनी आम्हाला का नाही सांगितलं? आम्ही काय केलं असतं?’ मग म्हणाला, ‘खरंच, काय केलं असतं कोण जाणे.’

मी इलिंकाला समोर बसवलं. म्हटलं, फोनवरची म्हातारी बाई खरी आहे. तू खरं बोललीस, मी ऐकलं नाही. मी चुकले. मग तुमचं तिला सांगितलं, सोप्या शब्दांत: त्या बाई लहान होत्या, जहाजातून आल्या, एका घरातून दुसऱ्या घरात गेल्या. तुम्ही म्हणालात कुणाला दाखवायचं ते तू ठरव, म्हणून मी हिच्यापासून सुरुवात केली. मग तिनं विचारलं, तिच्यासाठी कुणी फोन नाही केला?

मी म्हटलं, नाही. कुणी नाही केला.

आठ वर्षांच्या मुलीनं सगळं सहन करायचं, एकोणसत्तर वर्षं तोंडातून शब्द काढायचा नाही, आणि मग ऐकू येत नसताना रस्त्यावरच्या फोनमध्ये उभं राहून, कुणी आहे की नाही ते ठाऊक नसताना, तीनदा बोलायचं. माझा तर शंभर आकडे मोजून व्हायच्या आत धीर सुटला असता. पलीकडे नेमकं कोण उभं होतं, ते मनात आलं की माझ्या अंगावर काटा येतो. मी घरी असते तर मी तुम्हाला समजावून फोन ठेवला असता, मोठ्यानं, आणि तुम्हाला ते ऐकूही आलं नसतं.

आता घरची खबर. पायऱ्या मळल्या आहेत. खिडक्यांवर बोटांचे ठसे आहेत. इलिंका आठ वाजेपर्यंत झोपते, हाक मारली तर उशी डोक्यावर घेते. काल कोस्टेलला धक्का दिला, त्यानं तिला लाथ मारली, मी दोघांना ओरडले, दोघं माझ्यावर रुसली. रविवारपासून ती मला एकदाही आई म्हणालेली नाही. मी मोजत नाही आता, पण नाही म्हणालेली. मला त्याचं जितकं वाईट वाटायला हवं तितकं वाटत नाही.

आज दुपारी मी शॅड तळले होते. तिच्या ताटात वाढले. तिनं बघितलं, ताट दोन बोटांनी पुढे सरकवलं आणि म्हणाली, ‘मला मासे आवडत नाहीत. वास येतो. मला कधीच आवडले नाहीत.’

दहा आठवडे खात होती, काकू. रोज. वेन्डेलचा घास हातातच राहिला. चार पिढ्या आमचं घर त्या माशांवर चाललं आहे. मग तो हसायला लागला, इतका की त्याला टेबलावरून उठावं लागलं. मी कढई उतरवली आणि तिला विचारलं, मग काय करू?

तिनं विचार करायला वेळ घेतला. मी वाट बघत उभी राहिले. मग तिनं सांगितलं. बटाटे. बारीक कापून, कडक तळून, आणि कांदा न घालता.

तुमची,
ग्लेंडा